सरकती भिंत

सोफ्यामागच्या कोपऱ्यात, खाली,
स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला
तर मुठीपर्यंत आत गेला.
प्लायवूडची भाकरी झाली होती, दुधात कुस्करलेली.

बटण दाबलं की कँपरची ही भिंत
सोफ्यासकट बाहेर सरकते, तीन फूट.
ऐसपैस म्हणून जी काय जागा ती तेवढीच.
बाबांनी जाताना दोघांच्या नावावर केली:
जुलै माझा, ऑगस्ट रेइनोचा.
तीन उन्हाळे किल्ली टपालपेटीत ठेवत
एकमेकांचं तोंड न बघता वापरली आम्ही ती.

मी म्हणायचे, पावसात हा भिंत बाहेर ठेवून गेला.
तो म्हणायचा, ऐलीने ओलीच आत घेतली.
म्हणायचो म्हणजे चिठ्ठ्यांवर,
फ्रिजच्या दारावर, माशाच्या चुंबकाखाली.

पण होज धरायला एक जण हवा, बाहेर,
आणि टॉर्च घेऊन पालथं पडायला एक, आत.
पाणी कुठं मुरतंय
ते एकट्याला कळत नाही.
म्हणून सप्टेंबरात तो आला, स्वतःची शिडी घेऊन,
आणि हॅलो न म्हणता नळाला होज जोडला.

मी जमिनीवर बेबी पावडर भुरभुरवून
गाल गालिच्याला लावून पडलेली.
खालून वर जायचं, असं त्याचं म्हणणं.
आधी खालचं रबर, मग बाजू, छप्पर सगळ्यात शेवटी,
नाहीतर वरच्याचा आळ खालच्यावर येतो.

"आलं?"
"नाही."
दहा मिनिटं नुसता पाण्याचा आवाज.
"आलं?"
"नाही."
तीन वर्षांत इतकं बोललो नव्हतो.

खालून नाही आलं. उजवीकडून नाही.
डावीकडून तर येणारच अशी मी पैज लावली असती,
तिथूनही नाही.
मग होज छपरावर गेला
आणि पावडरीत एक काळी रेघ उमटली,
मुंगीच्या चालीने,
कुजक्या कोपऱ्यात उतरली खरी,
पण शिरली होती पार दुसऱ्या टोकाला,
अॅल्युमिनियमच्या पट्टीमागून पाच हात चालत.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.
दोन वर्षं मी भलत्याच फटीला सीलंट चारत होते.

"आलं!"
"कुठं?"
"अरे, आत ये ना. आत येऊन बघ."

रबराला वरच्या कोपऱ्यात घडी पडलेली, पदरासारखी,
आणि घडीत स्प्रूसच्या सुया, चिमूटभर,
कुजून चहाच्या चोथ्यासारख्या.
भिंत आत घेण्याआधी छप्पर झाडून घ्यायला हवं होतं.
त्याने.
मी.
ते झाड तर कुणीच लावलेलं नाही.
फ्रिजवरच्या चिठ्ठ्या कधी काढल्या, कुणी,
आठवत नाही.

जुनं सीलंट प्लास्टिकच्या पात्याने खरवडलं,
स्पिरिटने पुसलं, दोनदा.
ब्यूटाइल टेप सरोवराच्या वाऱ्याने ताठरली होती,
ती त्याने काखेत धरून मऊ केली,
लहानपणी माझे गोठलेले हातमोजे धरायचा तशी.
हे मी बोलले नाही.
कुजकं कापून काढलं. भोक उघडंच ठेवलं आठवडाभर,
पंखा लावून. ओल आत असताना वरून फळी ठोकायची नाही,
म्हणाला, टेपच्या पट्टीकडे बघत,
बहुतेक फळीबद्दलच.

मग एका रात्री सुपीरियरवरून आडवा पाऊस आला.
पत्रा ताशासारखा वाजत होता.
तीनच्या सुमाराला फोन.
अकरा मैलांवर तोही जागा.
"आलं?"

टॉर्च लावला. पावडर कोरडी, पांढरी,
तिच्यात फक्त माझ्याच पायाचा अंगठा.
"नाही," म्हणाले.
तो ठेवेना. मीही.
"शिडी राहिलीय तुझी इथे."
"असू दे," म्हणाला.