मंगळवारचा वर्ग

फळा नाही. दहा वाजता पुलावर भेटायचं.
हा पूल लांबीपेक्षा रुंदीला जास्त, असं डब्लिनचे लोक सांगतात.
नोदारनं पावलं मोजून पाहिली,
बस अंगावर आली तेव्हा बाविसावर थांबला
आणि ड्रायव्हरला शिवी दिली, चक्क इंग्रजीत.
मी शाबासकी दिली. व्याकरण बिनचूक होतं.

खाली लिफी, ओहोटीची, काळपट,
चिखलातल्या सायकलींचे सांगाडे दाखवणारी.
"लो टाइड," मी म्हणाले.
"लो बॅटरी, लो पगार," ज्युरासी म्हणाली, "लो मला येतं."
मटणाच्या कारखान्यातून रात्रपाळी करून ती थेट येते,
गारठ्यानं तडकलेल्या बोटांत पेन्सिल धरते.

लेन्स्टर हाउसच्या फाटकाशी आम्ही सरकार शिकतो.
खासदार आधी उभा राहतो, मग निवडून येतो, मग बसतो.
"बसण्यासाठी उभा राहतो?" ओरिस्या विचारते.
हो.
"आणि बसल्यावर?"
बसल्यावर बहुतेक वेळा बसूनच राहतो.
ती हे वहीत नियम म्हणून उतरवून घेते.
पुढचं वाक्य: सरकार पडलं.
नोदारला काळजी, "उंचावरून?"
त्याच्या देशात सरकार पडतं
तेव्हा खाली कुणीतरी सापडतंच, म्हणे.

मग पंतप्रधान. तो शब्द कुणालाच वाचता येत नाही.
टीशख. नऊ अक्षरं, निम्मी मुकी.
"हे इंग्रजी?"
नाही.
"मग कुठली भाषा?"
इथली.
ओयूनबिलेग पेन खाली ठेवते.
"इथली भाषा इंग्रजी नाही? मग आम्ही काय शिकतोय?"
मी रस्त्याच्या पाटीकडे बोट दाखवते.
खाली ठळक इंग्रजी. वर एक बारीक ओळ.
वरची ओळ आम्ही बघतो, वाचत नाही.

मेयोच्या शाळेत माझ्या पणज्याच्या गळ्यात
काठी बांधायचे. तोंडून घरचा शब्द निसटला
की काठीवर एक खाच,
संध्याकाळी खाचा मोजून तितके फटके.
हे त्यांना सांगायचं ठरवलं नव्हतं मी,
आजच्या धड्यात वाहतुकीची साधनं होती.
पणजा इंग्रजी शिकला. इतकं शिकला
की मी ते शिकवून पगार घेते.

शेवटी मोठं पोस्ट.
एकोणीसशे सोळाच्या ईस्टरला याच्या दारात
प्रजासत्ताक वाचून दाखवलं गेलं,
शीर्षक तेवढं वरच्या ओळीतल्या भाषेत,
बाकी सगळं इंग्रजीत. मग तोफा.
खांबांवर अजून खळगे आहेत.
ओरिस्या हातमोजा काढते, एकात करंगळी घालते.
पहिल्या पेरापर्यंत जाते.
"होल," ती म्हणते.
हो. होल, भोक.
आणि मी सवयीनं पुढचं सांगून टाकते:
उच्चार तोच, पण आधी डब्ल्यू लावला
तर अर्थ होतो अख्खं. डब्ल्यू मुका.
ती दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिते,
बराच वेळ बघत राहते.
"खेरसोनमध्ये आमचा जिना आहे होल.
डब्ल्यूवाला.
बाकी बिल्डिंग होल. डब्ल्यू नाही."

वाक्य दुरुस्त करायला मी तोंड उघडलं
आणि मिटलं.

आत नोदार रांगेत. कुतैसीसाठी तिकीट हवं होतं त्याला,
पूर्ण वाक्यात मागितलं, 'कृपया' शेवटी लावून.
काउंटरवरची बाई सुटे पैसे देताना काहीतरी म्हणाली.
तो धावत बाहेर आला,
"गुरा मा अगत. हे काय?
वरच्या ओळीतलं?"
वरच्या ओळीतलं. धन्यवाद.
त्यानं ते मुठीतल्या नाण्यांसकट दोनदा म्हटलं,
पोस्टाकडे तोंड करून.

ज्युरासी खांबाला टेकून झोपली होती.
वाहतुकीची साधनं पुढच्या मंगळवारी.