झाकण

टोप स्टीलचा, झाकण आत बसणारं,
पोटात अळसांद्यांचं तोंडाक.
दुपारी गॅस बंद करून मीच ते दाबून बसवलं होतं,
पाल पडू नये म्हणून, तळहाताने, जोर लावून.
संध्याकाळी उघडेना.

सुरी घातली, सुरीचं टोक वाकलं.
फडकं गुंडाळून ओढलं, तर झाकणाबरोबर टोप उचलला गेला,
टोपाबरोबर शेगडीवरची जाळीही.
मग उलथण्याच्या दांड्याने कडेकडेने ठोकत सुटलो
आणि अर्ध्या दिवाडीला कळलं असणार
की हिरावती घरी नाही.

ती पेडण्याला, भावाच्या नव्या घराच्या प्रवेशाला.
मी गेलो नाही.
एका माडावरून अकरा वर्षं झाली.
माड कुणाच्या हद्दीतला हे ठरायच्या आत
वीज पडून माडच गेला,
आमचा अबोला तेवढा उभा.

कुंपणापलीकडून क्लोतिल्द ओरडली,
"तारी, मारता कित्याक? पोंदा उजो लाय!"
आणि कोंबड्या कोंडायला निघून गेली.
खालून आच दे. एवढंच.
मला हसू आलं.
गरम होतं म्हणूनच तर अडकलं ना?

सव्वीस वर्षं फेरीबोटीवर काढली मी.
ओहोटीला बोट गाळात बसली
की नवी पोरं बांबू घेऊन ढकलायला धावायची,
स्कूटरवाले हॉर्न वाजवायचे,
मासळीवाल्या माझ्या सात पिढ्या काढायच्या.
मी बिडी शिलगावून बसून राहायचो.
अरे, रुतलेली बोट जोराने निघत नाही,
पाणी खालून यावं लागतं.
हे मीच सांगायचो, सगळ्यांना.

मंद आच लावली.
झाकणाला हात न लावता उभा राहिलो,
ते सगळ्यात अवघड.
बराच वेळ काहीच नाही.
मग कडेला एक थेंब फुगला, फुटला.
मग टोपाने श्वास सोडला, एवढासाच,
झोपेत कूस बदलताना कुणी सोडावा तसा,
आणि झाकण दोन बोटांत वर आलं.

हेच सांगायला तिला फोन केला.
मागे पंगतीचा गलबला,
त्यातून कुणीतरी विचारलं, "कोण गो?"
आवाज ओळखला मी.
ती गप्प.
तिच्या गप्प बसण्यात वाढप्याच्या बादलीचा आवाज ऐकू येत होता.
म्हटलं, मी आहे म्हणून सांग.
तिने सांगितलं. थोडा वेळ गेला.
मग लांबून, तोंडात घास असताना बोलावं तसं:
"जेवला काय, विचार."

जेवलो.
तोंडाक खाली थोडं लागलं होतं.
उरलेलं झाकताना झाकण तिरकं ठेवलं,
कडेला चमचा अडकवून, बोटभर फट,
तीस वर्षं ती ठेवते तसं,
आणि तीस वर्षं मी
आळशी म्हणायचो तिला.