ढलप्या

सव्वीस मीटर खाली, सामन माशांच्या जाळ्याच्या तळाशी,
माझा डावा कान फुटला.
आवाज झाला नाही. म्हणजे झालाच असेल,
पण ऐकायचं काम ज्याच्याकडे होतं
तोच गेला होता.

कास्त्रोच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं :
पुन्हा पाण्याखाली नाही.
कंपनीनं तीन पगार दिले आणि एक जाकीट,
त्याच्या पाठीवर मासा हसत होता.

मग मी घरी बसलो.
चिलोए बेटावर पाऊस पडतो, ही काय सांगायची गोष्ट आहे?
पण दिवसचे दिवस घरात बसलं की कळतं,
तो दारांच्या आतही पडतो.
मागचं दार फुगून जड झालं होतं.
उघडताना खालच्या फळ्यांवर घासायचं,
तिथं एक अर्धा चंद्र कोरला गेला होता, नऊ वर्षांचा,
बायकोच्या खांद्यानं ढकलून ढकलून.
"ऐकवत नाही रे, दात आंबतात," असं ती म्हणायची म्हणे.
मी तेव्हा पाण्यात असायचो.
तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला
तेव्हा माझ्याकडे एकच कान उरला होता.

रंधा मागायला एदुविहेसकडे गेलो.
तिचा नवरा होड्या बांधायचा.
तो जाऊन चौदा हिवाळे झाले होते,
तिचे डोळे जाऊन सहा.
"ने," म्हणाली, "पण भाडं पडेल."
"किती?"
"ढलप्या. सगळ्या. पोतं भरून.
चुलीला लागतात."

पहिलं पोतं नेलं, तर ती चुलीकडे वळेचना.
एकेक ढलपी काढून
अंगठा आणि तर्जनीत फिरवत राहिली,
जपमाळेसारखी नव्हे, नोटा मोजल्यासारखी.
"इथं दम धरलायस.
इथं भांडलायस. कुणाशी ते तुझं तू बघ.
आणि हा चुरा? उलट्या रेषेनं ओरबाडलंस.
मांजरालाही शेपटीकडून कुरवाळतोस का?"

मला राग आला. दार बसलं होतं की चौकटीत!
"बसलं असेल," ती म्हणाली,
"धाकानं बसलं असेल."

रंधा परत करायचा राहून गेला.
खिडकी झाली. शेजारच्या रोसेंदोची पेटी झाली.
एक स्टूल डुगडुगायचं, म्हणून एक पाय कापला,
मग समोरचा, मग उरलेले दोन,
शेवटी त्यावर कोंबड्या बसू लागल्या.
दर शनिवारी पोतं घेऊन तिच्याकडे.
असं कर, तसं कर, हे तिनं कधी सांगितलं नाही.
मी काय करून आलो तेवढंच सांगायची.
तेपाचं लाकूड वासावरून ओळखायची, नाक मुरडून,
लूमा असेल तर ढलपीऐवजी माझा तळहात चाचपायची,
फोड मोजायला.

रंधा नीट चालला की मनगटातून एक शीळ वर चढते.
ती मला डाव्या बाजूला ऐकू येते.
डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं,
तर त्यांनी नवा कागद काढला.

आणि मग त्या ऑगस्टात, सायप्रसची एक फळी,
पिवळी, साडेतीन हात.
रंधा या टोकाला टेकवला आणि मी चालत गेलो
पार त्या टोकापर्यंत.
ढलपी तुटली नाही.
उजेडात धरली तर पलीकडचं कुंपण दिसलं.
हसऱ्या माशाच्या जाकिटात गुंडाळून,
स्वतः भिजत, तिच्याकडे पळालो.

तिनं ती मांडीवर पसरली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट नेलं,
परत आणलं.
चूल विझत आली होती, तरी आत टाकली नाही.
बराच वेळ काही बोललीही नाही.
मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू.

"छान," ती म्हणाली.
"आणि फळी कुठाय?"

फळी बाहेर अंगणात होती.
पावसात.