पाख

दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेत,
खोब्रागडी आता गुडघ्याइतकी.
धोतराचं एक टोक येनाच्या फांदीला बांधलं,
दुसरं आईच्या मुठीत,
मागे फटफटीच्या बॅटरीवर एक बल्ब.
पहिला तासभर नुसते तुडतुडे,
एक शेणकिडा, पडला की उताणाच.
मग हे आलं. राखाडी-तपकिरी, नखाएवढं.

"पतंगच तं हाये, काऊन एवढी पायतं व?"

मी पंखाच्या कडेवरून हलकं बोट फिरवलं.
पतंग असता तर भुकटी लागली असती.
बोट कोरडं.
भिंगातून केस दिसले, एका दिशेला झोपलेले,
भिजून वाळलेल्या बकरीच्या पाठीवर असतात तसे.
गुंडाळलेली सोंड शोधली. नाही.
शेपटीला धागे नाहीत.
मिशा मात्र अंगाहून लांब, पुढे रोखलेल्या,
अंधारात कुणी दोन काड्या पुढे धरून
वाट चाचपत यावं तशा.

सरांनी दिलेल्या झेरॉक्समध्ये प्रश्न आहे:
बसल्यावर पंख कसे? सपाट, उभे, की छपरासारखे?
मी मोठ्यानं वाचला.
आई वाकली, तिची सावली धोतरावर पसरली,
पाच-सहा किडे उडाले.
"पाख हायेत ते. आपल्या घराचे हायेत तसे.
दोन पाख, मंधात आढं."

झेरॉक्समध्ये हा शब्द नाही.
मी समासात लिहून ठेवला.

मग तिनं पायानंच पाण्यातला एक दगड उलथला,
खालच्या बाजूला वाळूचं नळकांडं, करंगळीच्या पेरापेक्षा लहान,
कण न् कण चिकटवलेला.
झिंग्यांसोबत हातणीत रोज येतात म्हणे,
ती फुंकून टाकते.
"हेच ना लहानपणचं त्याचं?"
हो म्हटलं.
"मंग घर टाकून पाख तेवढे घेऊन गेला?"
असं नसतं आई, म्हणणार होते.
म्हटलं नाही.

पुढे पायांचे काटे मोजायचे.
पुढच्या पायाला दोन. मधल्याला चार.
मागच्याला चार, की तीन?
भिंगावर चरा आहे, नेमका तिथेच.
डोक्यावर तीन साधे डोळे आहेत का,
असतील तर सहाव्या प्रश्नाकडे जा,
नसतील तर अकराव्या.
बल्ब पिवळा पडत चालला.
मी कुठेच गेले नाही.

चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची असते,
शाई स्पिरिटमध्ये उतरते.
नदी. तारीख. उजेडावर आलेला.
नाव: जागा रिकामी.
गोळा करणारी: सयत्रा मारबते.

"काय लिवलं?"
तुझं नाव.
"माझं काऊन? म्या तं नुसतं धोतर धरलं.
पेन्सिल हाये नं, खोडून टाक."

मी बाटलीचं बूच लावलं.
स्पिरिटमध्ये पेन्सिल जात नाही, सांगितलं तिला,
आणि धोतराचं टोक तिच्या मुठीतून
सोडवून घेतलं. बोटं आखडली होती.