बासष्ट मिनिटं

यंग्सटाउनला रात्री दीडनंतर
जाहिरातींच्या मधल्या वेळात खून होतात.
गालिचेवाला ओरडून जातो,
मग पुन्हा तोच दिवाणखाना.

तोच. गेल्या शनिवारी इथे वकील मेला,
आज बँकर मरतोय.
जिना तोच, पडदे तेवढे बदललेत.
दार आपटलं की दगडी भिंत
अंगभर थरथरते, कापडाची असल्यामुळे.
आणि बागेत एवढं धुकं कसलं?
बाग परवडली नसणार. धूर स्वस्त.

मला आवडतं हे.
हॉस्पिटलच्या लॅबमधून येते मी,
रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवून.
कुणाचं काय होणार ते आधी मला कळतं
आणि बोलायची मुभा नसते.
इथे बासष्टाव्या मिनिटाला कुणीतरी
सगळ्यांना एका खोलीत बसवतो
आणि सांगून टाकतो.

खालची इर्मा ह्लावाटी
सपाता फरफटत वर येते, खसखशीचा रोल घेऊन.
खुनी कोण, याचं तिला सोयरसुतक नाही.
तिला सोळावं मिनिट हवं असतं.

"आली बघ."
दार उघडतं. पांढरा ॲप्रन, कपाळावर सुटलेली बट.
साहेब घरी नाहीत, म्हणते मोलकरीण,
तरी पाहुण्याची टोपी घेते
आणि डावीकडे निघून जाते.

इर्माची मावशी, ल्युडमिला.
बापाच्या पगाराच्या पाकिटातले चाळीस डॉलर उचलून
पश्चिमेची गाडी धरलेली.
नाव बदललं,
तेही नामावलीत चुकीचं छापलं.

डिटेक्टिव्ह सगळ्यांना धारेवर धरतो,
पुतण्याला, विधवेला, माळ्याला,
पिंजऱ्यातल्या पोपटाकडेही रोखून बघतो.
मोलकरणीला कुणी काही विचारत नाही.
डावीकडे गेली ती गेलीच.
छत्तीस साली एक पत्र आलं होतं:
इथे फार उकडतं, काम मिळेल असं वाटतं.
त्यावर खाडाखोड केलेला पत्ता.

पुतण्या सापडतो. पुतण्याच असतो बहुतेक.
"मावशीचं पुढे काय झालं असेल गं?"
इर्मा दातात अडकलेली खसखस काढत राहते.
"टोपी तिच्याकडेच आहे," म्हणते,
"परत द्यायला यावं लागेलच की."

जाताना ती दार आपटते.
भिंत जराही हलत नाही.
हल्ली मला तेच खटकतं.