पाहुणे

स्वारगेटला उतरलो तेव्हा साडेआठ.
मॅच चारला.
परक्या गावात एवढा वेळ कसा घालवतात
हे कुणी शिकवलेलं नव्हतं.
दोन चहा, एक दाढी,
आणि पिशवीतला झेंडा तीनदा चाचपला.

झेंडा म्हणजे रेक्झिन.
काळं, रिक्षांचे हूड शिवून उरलेलं;
हिरवं तेवढं विकत आणलं.
जड आहे, फडफडत नाही,
हलवला की दार आपटल्यागत वाजतो.
आमच्या वेताळ कट्ट्याला तसाच लागतो.

बालेवाडीच्या गेटवर काठी काढून घेतली.
"काठी आत नाही, काका."
बदल्यात पत्र्याचा बिल्ला, नंबर चौदा,
देवळाबाहेर चपलांचा देतात तसला.
मग नुसतं रेक्झिन मांडीवर घेऊन बसलो,
नंबर यायची वाट बघत
दवाखान्यात बसल्यासारखा.

कोल्हापुरात माझी नववी पायरी आहे, कोपरा उडालेली.
डावीकडं बाबासो इंगवले, उजवीकडं यासीन पेंटर,
मागं कोण ते बघायची गरज पडत नाही.
रेफ्रीला पहिली शिवी मी घालतो,
उरलेली अख्खी गॅलरी पुरी करते.
एकवीस वर्षांत माझा आवाज
माझ्या कानावर कधी आलाच नाही.

इथं खुर्च्या. खुर्चीला नंबर.
फळ्यावर त्यांच्या संघाचं नाव, ठळक, झोकात,
आणि आमच्या बाजूला नुसतं:
पाहुणे.
पाहुणे शून्य.

पाहुणे म्हटलं की आमच्यात आधी पाण्याचा तांब्या येतो.

विसाव्या मिनिटाला त्यांचा गोल.
चाळिसाव्याला आणखी एक, सरळ सरळ ऑफसाइड,
मी ताडकन उठलो, तोंड उघडलं,
मागून एक बाई, शांत, स्वच्छ आवाजात:
"अहो, आम्हीही तिकीट काढलंय."
खाली बसलो.
खरंच काढलं होतं त्यांनी.

हाफटाइमला मिरजेचा तो माणूस आठवला.
दरसाल यायचा, एकटा, छत्री घेऊन,
नळाजवळच्या कोपऱ्यात बसायचा.
त्यांचा गोल झाला की टाळ्या वाजवायच्या, तेवढ्याच,
हात छातीशी धरून, कुणाला दिसू नयेत अशा.
एका वर्षी आम्ही त्याची चप्पल गटारात टाकली.
आम्ही म्हणजे,
टाकली बाबासोनं, दाखवली मी.
एका पायात चप्पल घालून तो एसटी स्टँडकडं चालत गेला
आणि आम्ही बराच वेळ हसत होतो.
पुढच्या वर्षी तो आला का, आठवत नाही.
बघितलंच नाही कुणी.

सत्तराव्या मिनिटाला आमचा गोल झाला.
पार पलीकडच्या टोकाला,
पोरं एकमेकांच्या अंगावर चढली, लांब,
आवाज नसलेल्या टीव्हीत चढावीत तशी.
स्टेडियम गप्प.
आणि अलीकडं, माझ्यासमोर,
आमचा गोलकीपर इर्शाद मुल्लाणी एकटाच,
मिठी मारायला जवळ कुणी नाही,
खांबाला थोपटत होता.

"इर्शाऽऽद!"

एवढा चिरका आहे माझा आवाज?
फाटका, शेवटाला बायकी होणारा?
तो छपराला लागून परत आला,
मी तो ऐकला,
त्या बाईंनी ऐकला,
आणि इर्शाद वळला.
डोळ्यांवर हात धरून खुर्च्या शोधल्या त्यानं,
रिकाम्या, भरलेल्या, रिकाम्या,
मग माझ्या मांडीवरचं हिरवं-काळं दिसलं असणार.
हातमोजा वर केला.

सहा वर्षं मी त्याला त्याच्या आईबापावरून बोलत आलोय.
एकदाही वळला नव्हता.

दोन-एक हरलो.
बिल्ला दिला, काठी घेतली.
गेटवरचा पोरगा म्हणाला, "काय झालं हो काका, तुमचं?"
म्हटलं, "ऐकू गेलं."
तो काही बोलला नाही, पुढचा बिल्ला बघायला लागला.

रात्रीच्या गाडीत खिडकी नीट लागत नव्हती.
रेक्झिन पायांवर ओढून घेतलं.
शिरवळपर्यंत आठवत होतो
मिरजेच्या त्या माणसाचं नाव.
बाबासोला माहीत नसणार.
मुळात विचारलं कुणी होतं?