आकडा

कामाच्या वेळी कुर्दिनला मी दिसते ती एवढीच:
लाल हेल्मेटचा माथा,
तीस मीटर दोराच्या खालच्या टोकाला
शर्टाच्या बटणाएवढा.
तो दारातून अर्धा बाहेर वाकून खाली बघत असतो
आणि मी रेडिओवर मोजत असते,
दहा, सहा, तीन, दोन, एक,
तसतसा माझ्या आकड्यांमागून
त्याचा आकडा खाली येतो.

याखेनला पहिल्याच दिवशी सांगितलं:
लगेच झडप घालू नकोस.
कोरड्या हवेत पाती वीज गोळा करतात.
आकडा आधी भुईला शिवू दे,
भुईचं भुईला देऊन झालं
की मग आपला हात.
दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, बोटं गारठून गेली तरी.
भाराखाली जायचं नाही.
भार आणि कडा यांच्या मधे तर नाहीच.
जो उभा राहिला होता त्याचं हेल्मेट तळावर खुंटीला आहे,
कोणी घालत नाही, कोणी काढतही नाही.
आणि वजन खरं सांगायचं.
बाकी आयुष्यात काय खोटं बोलायचं ते बोल.

त्या दिवशी सकाळपासून एकवीस फेऱ्या.
हिमलोट अडवायच्या कुंपणाचे पोलादी खांब,
सिमेंट, पाण्याची टाकी,
गवंड्यांचे पाव, जाळीत सगळ्यात वर, चुरडू नयेत म्हणून.
लोकांना वाटतं जीव वर टांगणीला लागलेला असतो.
वर टांगलेलं असतं सिमेंट.
जीव खाली असतो, चिखलाच्या बुटांत,
एक डोळा भारावर, एक डोळा
पळायचं कुठे त्या वाटेवर.

बाराच्या सुमाराला वरच्या कुरणातून निरोप आला.
बाल्त्सरची गाय घसरली होती,
ओढ्याच्या घळीत, रात्रीच कधीतरी.
पट्टे पोटाखालून घालायला आम्हाला पाऊण तास लागला.
पाय आखडले होते. अंग अजून ओलं, दवानं.
घंटा त्यानं स्वतः सोडली,
आतली लोळी मुठीत घट्ट धरून,
वाजू नये म्हणून.
"किती?" मी विचारलं.
"सहाशे वीस," तो म्हणाला, "जूनमध्ये काट्यावर."
मी वर कळवलं: सहाशे वीस.

हेलिकॉप्टर कड्यामागून निघालंच होतं,
गवत आडवं व्हायला लागलं,
तेवढ्यात त्यानं माझी बाही ओढली.
काहीतरी ओरडत होता.
मी कानावरची वाटी उचलली.

"गाभण होती!"

"कितवा?"
बोटं दाखवली त्यानं. एका हाताची पाच,
दुसऱ्या हातात घंटा,
ती काखेत दाबून मग आणखी दोन.

मी बटण दाबलं.
"दुरुस्ती. सहाशे सत्तर."
वरून काही नाही,
नुसती पाती.
मग कुर्दिन: "समजलं. सहाशे सत्तर."

आकडा टेकला. याखेन थांबला,
बरोबर शिकवल्यासारखा,
मग कडी अडकवली आणि उताराच्या बाजूला झाला.
मी हात वर केला.
दोर ताणला, पट्टे ताणले,
ती आधी मानेनं उठली, जशी गाय कधीच उठत नाही,
मग सगळी.
कुर्दिननं तिला इतक्या हळू उचललं
की वजनासाठी तेवढं हळू लागत नाही,
हे मला माहीत आहे, याखेनला अजून नाही.
एकदा फिरली, कुरणाकडे,
मग दरीकडे, आणि तशीच गेली.
पात्यांच्या वाऱ्यात सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी येतं,
कोणाला काही विचारावं लागत नाही.

त्यानंतर खांबांच्या चार फेऱ्या झाल्या.

संध्याकाळी त्याच बाकावर, तेच जवाचं सूप.
हेल्मेटशिवाय मी त्याला जरा अनोळखीच वाटत असावे,
पहिली काही मिनिटं तो नेहमी वाडग्यात बघतो.
मग म्हणाला,
"वर मीटर आहे ना, त्यावर बघितलं.
सहाशे बहात्तर."
आणि पाव मोडून
मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.